घर आपलंच, पण मुदत त्याची

वाचकांचे प्रश्न : घर आणि किराया

जूनमधे सगळे विचारतात चांगला किरायदार कुठून आणू, अन् दिवाळी झाली की तेच लोक विचारतात आता ह्याला काढू कसा. यावेळी तर मुदतीच्या आधी घर खाली करून घेण्याबद्दल इतकी पत्रं आली की सातबाऱ्याचे अन् बक्षीसपत्राचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : नमस्कार वकीलसाहेब. मी रिटायर्ड शिक्षक. लातूरला आमचं दोन मजली घर आहे, आम्ही दोघं वर राहतो, खालचा मजला १ जुलैपासून किरायानं दिलाय. ११ महिन्यांचं ऑनलाइन रजिस्टर केलेलं ॲग्रीमेंट आहे, किराया ९,००० अन् डिपॉझिट ३०,०००. हिंगोलीकडच्या एक बाई राहतात, त्यांचं पोरगं बारावीला आहे, नीटची तयारी करायलंय, त्याला करून घालायला म्हणून त्या इथं येऊन राहिल्यात. माणसं चांगली आहेत, किराया पाच तारखेच्या आत जमा. पण आता आमच्या मुलाची बदली पुण्याहून लातूरला झाली. सूनबाईंना सातवा महिना, त्यांना जिना चढवत नाही. मी बाईंना म्हणालो डिसेंबरअखेर घर खाली करून द्या, तर त्या म्हणतात सर, पेपर झाल्याशिवाय मी हलत नाही. घर आमचं, गरज आमची, अन् थांबायचंही आम्हीच का? एजंट म्हणतो एक महिन्याची नोटीस मारा, विषय संपला.
— एक गुरुजी, लातूर

उत्तर : गुरुजी, नोटीस मारायच्या आधी कपाटातून ॲग्रीमेंट काढा अन् चष्मा लावून करार रद्द करण्याबद्दलचा परिच्छेद तेवढा वाचा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. मी प्रत्येक पक्षकाराकडून आधी त्याच परिच्छेदाचा फोटो मागवतो, कारण ऑनलाइन करारात जो तयार मजकूर येतो तो लोक वाचतच नाहीत, अंगठा देतात, फोटो काढतात अन् मोकळे होतात. त्यात बऱ्याच वेळा असं असतं की किराया वेळेवर आला नाही किंवा एखादी अट मोडली, तर मालकानं एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार रद्द करावा, आणि राहणाऱ्यानं एक महिन्याची लेखी नोटीस देऊन घर सोडावं. आता हे हळू वाचा. त्याला सोडून जायला कारण लागत नाही, तुम्हाला काढायला लागतं. तुमच्या एजंटनं 'एक महिना' तेवढं वाचलं अन् त्याच्या मागचं 'तर' सोडून दिलं.

बाई किराया पाच तारखेच्या आत देतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे थकबाकी नाही, अट मोडलेली नाही. तुमच्या करारात हाच मजकूर असेल तर नोटिशीला आधारच राहत नाही. मात्र तुम्ही करार करताना 'मालकाला स्वतःसाठी घर लागल्यास अमुक दिवसांच्या नोटिशीवर खाली करून द्यावं लागेल' असं वाक्य टाकून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. मग लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) आहे का, किती महिन्यांचा, तो संपला का एवढं बघायचं अन् ठरल्याप्रमाणे नोटीस द्यायची.

कोणी म्हणेल साहेब, हे ॲग्रीमेंट लिव्ह अँड लायसन्सचं आहे, लायसन्स म्हणजे नुसती परवानगी, दिली तशी काढून घ्यावी. अगदीच खोटं नाही ते. लायसन्सची व्याख्या आजही १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातली चालते अन् लायसन्स परत घेता येतं असं त्यात आहेच. पण त्याच कायद्याचं कलम ६३ म्हणतं की परत घेतलं तरी राहणाऱ्याला बाहेर पडायला, सामान न्यायला वाजवी वेळ द्यायचा, अन् कलम ६४ म्हणतं की पैसे घेऊन दिलेलं लायसन्स त्याची काही चूक नसताना मुदतीआधी काढून घेतलं तर तो भरपाई मागू शकतो. आता ज्या आईच्या पोराच्या बोर्डाच्या परीक्षेला दोन-तीन महिने राहिलेत, त्या आईनं कोर्टात भरपाई मागितली तर तिची बाजू किती जड होईल ते तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला मी काय सांगावं.

अन् तारखा बघा ना. १ जुलै ते ३१ मे. नीटची परीक्षा मेच्या सुरुवातीला होते. बाईंनी मुदत पेपर बघूनच घेतलीय, त्या हट्टाला पेटल्यात असं नाही, त्यांनी जे विकत घेतलंय तेच मागतायत. म्हणून मी म्हणतो की मुदतीआधी घर मागणं ही विनंती आहे, अन् विनंती करायची तर काहीतरी हातात घेऊन जावं लागतं. म्हणजे कसं, तर आधी तुम्हीच त्यांच्यासाठी ट्यूशनच्या अंतरात दुसरं घर बघून द्या (लातुरात ते नोव्हेंबरात अवघडच आहे म्हणा, जूनलाच सगळ्या खोल्या जातात), टेम्पोचं भाडं तुमच्याकडं, शेवटच्या महिन्याचा किराया माफ, नव्या घराचा किराया हजार-दीड हजारानं जास्त असेल तर मेपर्यंतचा फरक तुम्ही द्यायचा. असं सगळं घेऊन काकूंना सोबत न्या, तुम्ही एकटे जाऊ नका, शिक्षकाच्या आवाजात विनंतीसुद्धा हुकूम वाटते.

हो म्हणाल्या तर एका कागदावर लिहून घ्या की दोघांच्या मर्जीनं करार अमुक तारखेला संपवला, एकमेकांकडं काही बाकी नाही. ज्या दिवशी टेम्पो दारात लागेल त्याच दिवशी मीटरचा फोटो, ताबा पावतीवर दोघांच्या सह्या, एका हातानं चाबी अन् दुसऱ्या हातानं ३०,००० रुपये. डिपॉझिट 'महिन्याभरात देतो' असं म्हटलं की समोरचा चाबी देत नाही, बहुतेक भांडणं तिथंच अडकतात.

नाही म्हणाल्या तर ३१ मेपर्यंत थांबा. त्यानंतर मात्र पारडं फिरतं, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २४ मुदत संपल्यावर तुमच्या बाजूनं उभं राहतं. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर तुम्ही सक्षम प्राधिकाऱ्याकडं (त्याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडं) अर्ज करायचा, तिथं रजिस्टर करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा, अन् समोरच्याला भांडायचं असेल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन आधी परवानगी मागावी लागते. वरून राहिलेल्या दिवसांची भरपाई दुप्पट दरानं, म्हणजे तुमच्याकडं महिन्याला १८,०००. तुमचं ॲग्रीमेंट रजिस्टर आहे ही तुमची खरी ताकद आहे, पण ती जूनमधली ताकद आहे, डिसेंबरमधली नाही.

आता एक घरगुती प्रश्न विचारतो, रागावू नका. सूनबाईंचं हे पहिलं बाळंतपण आहे का? असेल तर सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून त्या माहेरी जाणारच ना? तिथून बाळाला घेऊन परत येईस्तोवर एप्रिल उजाडेल. म्हणजे तुमची अडचण सात महिन्यांची नाही, फार तर दीड-दोन महिन्यांची आहे, तोवर मुलगा एकटाच आहे अन् त्याला वर एक खोली पुरते. बाईंना आत्ताच सांगून ठेवा की मुदत वाढवून मिळणार नाही, ३१ मेला घर लागेलच, अन् तसं एक पत्र देऊन पोच घ्या. मी तुमच्या जागी असतो तर एवढंच केलं असतं.

प्रश्न : सिडकोत आमचं बैठं घर आहे, मागच्या दोन खोल्या किरायानं दिल्यात. पाच महिन्यांपासून किराया देईना गेलेत. विचारलं की उद्या टाकतो, परवा टाकतो. किराया ६,००० आहे अन् डिपॉझिट २०,००० आहे. पाणी आमच्याकडं आठ-आठ दिवसांला येतं, टाकीचा कॉक आमच्या बाजूला. आमचे मिस्टर म्हणायलेत कॉक बंद करू, दोन दिवसांत आपोआप जातील. घर माझ्या नावावर आहे म्हणून मला भीती वाटायली. ॲग्रीमेंट रजिस्टर आहे, चार महिने बाकी आहेत. पोलिसांत जावं का?
— एक ताई, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, कॉकला हात लावू देऊ नका. या शहरात पाण्यासाठी माणसं रात्री दोनला उठून ड्रम भरतात, तिथं कोणाचं पाणी तोडलं असं कोर्टापुढं गेलं तर तुमची पाच महिन्यांची थकबाकी कोणी ऐकूनही घेणार नाही. भाडे नियंत्रण कायद्यात कलम २९ आहे, त्यात मालकानं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासची सोय असलं काही बंद करायचं नाही असं स्पष्ट आहे अन् त्याला शिक्षाही आहे. लायसन्सवाला असला तरी तो मनाई हुकूम घेऊन येतो, कॉक उघडावाच लागतो, अन् आत्तापर्यंत जो देणेकरी होता तो एका दिवसात पीडित होऊन बसतो.

असंच कुलपाचं. माझ्याकडं मागं एक गृहस्थ आले होते. किरायदार लग्नाला गावी गेला, तेवढ्यात ह्यांनी दाराला स्वतःचं कुलूप ठोकलं, भांडीकुंडी ओसरीवर मांडून ठेवली, वर ताडपत्री पण टाकली, म्हणजे मनानं वाईट माणूस नव्हता. किरायदार परत आला, वकील गाठला अन् दावा टाकला. विशिष्ट अनुतोष कायदा १९६३, कलम ६ : कायद्याच्या मार्गानं न जाता ज्याचा ताबा काढून घेतला तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो, अन् त्या दाव्यात घर कोणाच्या नावावर आहे हे विचारतसुद्धा नाहीत. ह्या गृहस्थांना स्वतःच्या हातानं कुलूप काढून त्याला आत घ्यावं लागलं, अन् नंतर वर्षभर तो जिन्यात भेटला की मुद्दाम नमस्कार करायचा.

तुमच्या बाबतीत चांगली गोष्ट ही की गुरुजींच्या करारात जो 'तर' आडवा आला तोच तुमच्या कामाला येतो. किराया थकलाय, म्हणजे मुदतीआधी रद्द करायला कारण आहे. नोटीस वकिलाकडून द्या, त्यात महिनावार थकबाकी लिहा, कोणत्या अटीखाली रद्द करताय ते लिहा, घर खाली करायची तारीख लिहा. पोस्टानं पाठवताना पोच येईल अशी पाठवा अन् दोन पत्त्यांवर पाठवा, एक तुमच्याच मागच्या खोलीचा अन् दुसरा करारात असलेला त्याच्या गावाचा. इथं नोटीस घ्यायला दार उघडत नाहीत, गावी म्हातारे वडील सही करून घेतात अन् संध्याकाळी त्यांचाच फोन येतो की काय भानगड आहे. निम्मी प्रकरणं त्या फोनवर मिटतात.

हिशोब असा की थकले ३०,०००, डिपॉझिट २०,०००, म्हणजे डिपॉझिट खाऊन वर दहा हजार झालेत अन् पुढच्या प्रत्येक महिन्याला तुमचेच पैसे जायलेत. म्हणून 'डिपॉझिटमधून कापून घ्या' असं तो म्हणाला तर आता कापायला काही राहिलं नाही. नोटिशीनंतर त्यानं थोडेफार पैसे टाकले तर घ्या, पण मेसेज टाकून ठेवा की हे जुन्या थकबाकीपोटी, आमचे हक्क राखून घेतलेत. नोटिशीची तारीख उलटूनही हलला नाही तर दिवाणी कोर्टात दावा. चारच महिने राहिलेत त्यामुळं काही वकील म्हणतील मुदत संपू द्या, मग कलम २४ खाली जाऊ, ते सोपं पडतं. तेही चूक नाही, पण नोटीस आजच द्या, चार महिने गप्प बसलात तर पुढं तो म्हणेल की मालकिणीची काही तक्रारच नव्हती. अन् मुदत संपल्यावर किराया म्हणून एक रुपया पण घेऊ नका, घेतलात तर 'भरपाई म्हणून' असं लिहूनच.

पोलीस 'दिवाणी मॅटर आहे' म्हणून परत पाठवतील, अन् इथं ते बरोबर आहेत. त्यापेक्षा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे तिथं जा. १९८७ च्या कायद्यानं बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, अन् घर तुमच्या नावावर आहे म्हणजे दावाही तुम्हीच करणार. मिस्टरांना तेवढे दिवस कॉकपासून लांब ठेवा.

प्रश्न : शंभरच्या बाँडवर नोटरी करून ११ महिन्यांचं लिहून घेतलं होतं, २०२२ ला. नंतर परत केलंच नाही, तोंडीच चालू आहे. आता मला घर पाडून बांधायचंय, तर तो म्हणतो की आपलं पाच वर्षांचं ठरलं होतं. असं कधी ठरलंच नव्हतं! ११ महिन्यांचं असलं की रजिस्टर करावं लागत नाही ना?
— एक वाचक, परभणी

उत्तर : दादा, हा ११ महिन्यांचा समज मराठवाड्यात घरोघरी आहे. नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी वर्षातला एक महिना कापला अन् बाँडवर भागवलं. पण आपल्या राज्याच्या १९९९ च्या कायद्यात कलम ५५ आहे, त्यानुसार करार लेखी पाहिजे अन् रजिस्टर पाहिजे, मग ११ महिन्यांचा असो की तीनचा. ती जबाबदारी मालकाची. केलं नाही तर दोन गोष्टी होतात. एक, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसरी तुमच्यावर आत्ता आलेलीच आहे : अटी काय ठरल्या होत्या याबद्दल किरायदार जे म्हणेल ते खरं धरायचं, तुम्ही पुराव्यानं खोटं पाडेपर्यंत. म्हणजे 'पाच वर्षं ठरलं होतं' हे तो नुसतं बोलला तरी त्याचं वजन आहे.

अन् रजिस्टर न करून वाचवलं किती, तर बघा. वरच्या गुरुजींसारखा ९,००० किराया अन् ३०,००० डिपॉझिट असेल तर ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्यानं ढोबळ अडीचशे रुपये होतं, नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. एका टँकरच्या पैशात झालं असतं.

आता तुम्ही पुरावा गोळा करा. जुना बाँड आहे, दर महिन्याच्या ट्रान्स्फरच्या नोंदी आहेत, व्हॉट्सॲपवर कधी 'मुदत संपली, पुढचं बघू' असं काही बोलणं झालंय का ते शोधा. तो जर आज नवा करार रजिस्टर करायला तयार होत असेल तर भांडत बसू नका, सहा-आठ महिन्यांचा का होईना करून टाका, तेवढी मुदत सोसा, नकाशा मंजूर करायला तेवढा वेळ तुम्हालाही लागणारच आहे. नुसत्या रागापायी दावा टाकलात तर त्याचे पाच वर्षं तिथंच भरतील.

प्रश्न : जुन्या जालन्यात आजोबांनी १९७८ ला दिलेल्या खोल्या आहेत, किराया ६० रुपये, आता त्यांचा मुलगा राहतो. एक महिन्याची नोटीस देऊन काढता येईल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : नाही. ही लायसन्सची गोष्टच नाही, हा जुना भाडेकरू. तेव्हा आपल्याकडं मुंबईचा कायदा नव्हता, हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता, म्हणून जुन्या लोकांच्या तोंडात अजून 'रेंट कंट्रोलर' हा शब्द असतो. ३१ मार्च २००० पासून सगळ्या राज्याला एकच कायदा लागला. त्यात अशा भाडेकरूकडून मुदत संपली म्हणून ताबा मिळत नाही, कलम १६ मधलं कारण लागतं : पोटभाडेकरू ठेवला, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, सहा महिने घर विनाकारण बंद ठेवलं, किंवा तुम्हाला स्वतःला खरोखर लागतं. शेवटच्या कारणात कोर्ट दोघांची अडचण तोलून बघतं. किराया थकला असेल तर नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं, अन् दावा झाल्यावरसुद्धा त्यानं ९० दिवसांत १५ टक्के व्याजासकट भरला की तो वाचतो. ६० रुपये कोण थकवतंय म्हणा. कागद घेऊन जालन्यातल्याच एखाद्या जुन्या दिवाणी वकिलाकडं बसा, हे पत्रात होणारं काम नाही.

प्रश्न : नांदेडचं घर विकायचंय, गिऱ्हाईक मिळालंय, इसार झाला. लिव्ह अँड लायसन्सचे सात महिने बाकी आहेत. खरेदीखत झालं की किरायदार आपोआप जातो, असं घेणारा म्हणतो. खरं का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : अर्धं खरं. लायसन्स असेल तर नवा मालक त्याला बांधील नाही, तेच १८८२ च्या कायद्याचं कलम ५९. भाडेपट्टा असेल, म्हणजे नुसती परवानगी नाही तर घरात हक्क दिला असेल, तर नवा मालक तुमच्या जागी येतो, किरायदारासकट. अन् कागदावर वर 'लिव्ह अँड लायसन्स' छापलंय एवढ्यावर भागत नाही, कोर्ट आतला मजकूर बघतं. पण समजा लायसन्सच आहे, तरी 'बांधील नाही' म्हणजे माणूस उठून चालायला लागतो असं नाही. तो घरातच असणार, त्याला काढायचं काम घेणाऱ्याच्या गळ्यात, अन् सात महिने आधी उठवलं म्हणून भरपाई तो तुमच्याकडं मागणार.

त्यामुळं घेणाऱ्यापासून काही लपवू नका, खरेदीखतात करार आहे, मुदत अमुक तारखेला संपते, डिपॉझिट किती अन् ते आता कोण परत देणार हे सगळं लिहा. डिपॉझिटचं तर हमखास राहतं, विकणारा म्हणतो घेणारा देईल, घेणारा म्हणतो मी घेतलंच नाही. घेणाऱ्याला लगेच राहायला जायचं असेल तर तिघं एकत्र बसा, किरायदाराला दोन महिन्यांचा किराया सोडून द्या, विक्रीच्या रकमेपुढं तो काहीच नाही.

प्रश्न : सर, मी उलट्या बाजूनं लिहिते, चालेल का? मी स्टाफ नर्स, बीडला किरायानं राहते, मार्चपर्यंतचं रजिस्टर ॲग्रीमेंट आहे, एकही महिना थकला नाही. परवा नाईट करून आले तर मालकांचा व्हॉट्सॲपला मेसेज, 'मॅडम आठ दिवसात रूम खाली करा, माझे मेव्हणे येणार आहेत.' फोन केला तर म्हणाले डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार. मी ड्युटीवर असताना कुलूप लावलं तर?
— एक ताई, बीड

उत्तर : चालेल की. आज मालकांचीच गर्दी झालीय, एक पत्र या बाजूचं पाहिजेच होतं.

त्या मेसेजला नोटीस म्हणत नाहीत. डिलीट करू नका, अन् शांतपणे एवढंच उत्तर टाका : 'काका, आपला करार मार्चपर्यंत आहे, किराया नियमित भरलेला आहे, त्याआधी खाली करायचं असेल तर समोरासमोर बसून लेखी ठरवू.' वाद घालू नका, मेव्हण्यांबद्दल काही लिहू नका. किराया दर महिन्याला त्याच तारखेला यूपीआयनं टाकत राहा, त्यांनी परत पाठवला तर परत टाका अन् स्क्रीनशॉट ठेवा. करारात लिहिलेल्या कारणाशिवाय ते तुम्हाला मार्चच्या आत काढू शकत नाहीत. वर सिडकोच्या ताईंना सांगितलेलं कलम ६ तुमच्याच कामाचं आहे, कुलूप लागलं तर त्याच दिवशी फोटो काढा, पोलीस स्टेशनला लेखी अर्ज देऊन पोच घ्या, दुसऱ्या दिवशी वकील. पण त्या मेसेजची भाषा जरा नीट असती तर मी तुम्हालाही म्हणालो असतो की मिळत असेल दुसरी रूम तर पैसे घेऊन सोडा, नाईट ड्युटीच्या माणसाला रोज संध्याकाळी भांडण परवडत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा, ठरलं तर चाबी अन् डिपॉझिट एकाच वेळी, आधी चाबी नाही.

रंगाचं म्हणाल तर ॲग्रीमेंटमधे रंगाबद्दल काही लिहिलंय का ते बघा, नसेल तर नेहमीच्या वापरानं भिंत मळली म्हणून कापता येत नाही असं सांगा. राहायला आलात त्या दिवशी भिंतींचे फोटो काढले असतील तर आजच कोणाला तरी पाठवून ठेवा, मोबाईल बदलला की तेच पहिल्यांदा जातात.